मेलो मरणा नाय

बांगडे साफ केल्यावर हाताला कितीही साबण लावा, जेवायला बसलात की वास येतोच. आमच्या पेपरच्या कचेरीतल्या किश्शांचं तसंच आहे. मी ते मुद्दाम गोळा केलेले नाहीत, ते हाताला लागलेत. चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतं, "भाऊनू, तो कॉम्प्युटरचो किस्सो सांगा हो!" मी एक सांगतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, लोक पोट धरून हसतात. बातमीदारीत माझा जन्म गेला. तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांशी भांडलो आणि बहुतेकदा चढ्या आवाजात भांडलो. पण हे किस्से सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. कारण इथे भांडायला समोर कोणी नाही. सगळे आपलेच!

साल दोन हजार चारच्या आसपासचं. जिल्ह्याचं ठिकाण ओरोस, कागदावर सिंधुदुर्गनगरी. तिथे आमच्या दैनिकाची कचेरी. खाली छपाई, वर संपादकीय. वर पानं लावायला चार कॉम्प्युटर होते, पण एकाच्याही पोटात काही नाही. सगळ्या बातम्या, फोटो, लावलेली पानं खालच्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर. वरचे चारही वायरीतून खालच्याशी बोलायचे. खालचा गप्प झाला की वरचे चारही गप्प!

माणसं फार नाहीत. संपादक आबा. खादीचा झब्बा, खांद्यावर शाल, आणि 'पत्रकारिता हे व्रत आहे' हे वाक्य चहाच्या आधी एकदा, चहाच्या नंतर एकदा. पानं लावणारा बाळा परब. हात वेगवान, तोंड त्याहून वेगवान. आणि सिस्टीम सांभाळणारी नसीमा. देवगडकडची, कोल्हापुरात एमसीए करून आलेली, फटकळ. लिनक्स नावाची सिस्टीम फुकट मिळते हे तिने मालकांना मुलाखतीत सांगितलं. मालकांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही, "उद्यापासून या" म्हणाले.

* * *

आल्या आल्या नसीमाने बाळाची शिकवणी घेतली. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची, त्यात चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामची यादी दिसते. प्रत्येकापुढे एक अक्षर. आर म्हणजे काम करतोय. एस म्हणजे झोपलाय. झेड म्हणजे झोंबी.

"झोंबी म्हणजे मेलो, पण यादीतला नाव गेला नाय," नसीमा म्हणाली.

"मतदारयादीसारखो!" बाळाला लगेच समजलं.

तेवढ्यात चहा आला आणि शिकवणी तिथेच राहिली.

मग एका दुपारी खालचा सर्व्हर रुसला. वरचे चारही पडदे जागच्या जागी थिजले. बाळाने काळी खिडकी उघडली, यादी बघितली आणि तो ओरडतच आबांच्या केबिनमध्ये शिरला. "आबानू, चारय पाना डेड! चौघांफुडे डी इलो!"

आबांनी मालकांना फोन लावला. आवाज असा, की आम्ही सगळे उभे राहिलो. "साहेब, सांगायला दुःख होतं... आजचा अंक आपल्यात राहिला नाही."

नसीमा डबा तसाच टाकून धावत आली. "डेड कोण म्हणालो? डी म्हणजे डेड नाय रे! डी म्हणजे वाट बघता. ह्येणा खाली काय तरी इचारल्यान, खालच्यान अजून उत्तर देवक नाय. म्हणान थांबलो आसा. जिवंत आसा तो!"

ती खाली गेली, सर्व्हर चालू केला. आणि खरोखर, वरची चारही पानं काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागली!

बाळा मात्र फुरंगटून बसला. "वाट बघता तर डब्ल्यू लिवूचा होता!"

* * *

पण वाट बघणं बाळाच्या रक्तात नव्हतं. नसीमाने त्याला अडलेला प्रोग्राम मारायची कमांडही शिकवली होती. किल. नुसतं किल म्हणजे विनंती. त्यापुढे नऊचा आकडा टाकला की हुकूम. नऊच्या हुकुमापुढे कोणाचं काही चालत नाही असं तिने सांगितलं होतं, आणि एवढंच बाळाच्या लक्षात राहिलं.

तर पोलीस ठाण्यातून एक हवालदार प्रेसनोट घेऊन आले होते. ते जिन्यात होते तेव्हा सर्व्हर बसला. आतून बाळाचा आवाज, "मार मेल्याक! मार!"

मग माझा, "मेला काय रे?"

"नाय हो भाऊनू! नऊ घालून मारलंय तरी मेलो मरणा नाय!"

'मेलो' आमच्याकडे प्रेमाची शिवी आहे. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना लागते आणि कोणाला लागत नाही. पण जिन्यात ऐकणाऱ्याने काय समजायचं?

हवालदार दार ढकलून आत आले. समोर घामाघूम बाळा, बाजूला मी, मागे शालीने मान पुसणारे आबा. त्यांनी टोपी काढली, खुर्ची ओढली आणि अगदी थकलेल्या आवाजात म्हणाले, "मेलो काय नाय, ता आधी नक्की करा. पंचनामो माका करूचो लागतलो."

* * *

नऊच्या हुकुमालाही हे प्रोग्राम दाद का देत नाहीत, हे बाळाला पुढे एका जेवणाच्या सुट्टीत कळलं.

त्या दिवशी वीज गेली-आली आणि सर्व्हर पडला. मी नदीतल्या रेतीवर लेख लिहीत होतो, तो अर्ध्यात थिजला. मी उठलो आणि खाणावळीत गेलो. कारण त्या दिवशी सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण होतं, दुसरं काही शहाणपण नव्हे. बाळाने मात्र त्याच्या पानाला नऊ घालून किल दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. मग वैतागून तोही जेवायला आला.

आम्ही परतलो तेव्हा नसीमा खालून सर्व्हर चालू करत होती. माझा लेख चालू झाला, कर्सर लुकलुकायला लागला. बाळाचं पान चालू झालं, आणि आमच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं!

"गो नसीमा! मी तेका जेवच्या आधी मारलंय. तो आता कसो मेलो?"

नसीमाने खिडकीतून समोरच्या सरकारी इमारतीकडे बोट केलं. "थंय काउंटरवर माणूस उभो आसा, बघ. जाळयेतसून आत हात घालून कागद दिलेलो आसा. आतलो क्लार्क खंय गेलो कोणाक ठाऊक. आता ह्या माणसाक तू मागसून हाक मारलंस, तुझ्या घराक आग लागली, तरी तो वळतलो? हात आत आसा तेचो! कागद हातात पडलो काय मगेच वळतलो. तुझी हाक फुकट जाणा नाय रे. ती तेच्या पाठीर उभी आसता. कागद भेटलो, वळलो, हाक आयकल्यान, थंयच पडलो."

बाळाने बराच विचार केला. "म्हणजे मारल्यार मरणा नाय, नि जिवंत झाल्यार मरता?"

"आता तुका कळला."

"आणि मारूक नसता तर?"

"तर भाऊंच्या लेखासारखो गप उठान कामाक लागलो असतो."

बाळा माझ्याकडे वळला. "भाऊनू, तुमी थांबलास कसे?"

काय सांगणार? सुंगटं होती म्हणून!

* * *

आबांना हे थांबणं म्हणजे कामचुकारपणा वाटायचा. त्यांनी नसीमाला बोलावलं. "उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं याला काही मर्यादा?"

"आसा सेटिंग," नसीमा म्हणाली. "आता आमचा हार्ड आसा. हार्ड म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबता. सॉफ्ट केला तर थोडो वेळ थांबता नि मगे सोडून देता."

"मग सॉफ्ट करा! माणसाने मृदू असावं."

"आबानू, सॉफ्ट थांबना नाय ता खरा. पण काम अर्ध्यार टाकता, नि आमच्या ह्या प्रोग्रामाक ता कळणासुद्धा नाय. तो 'झाला' म्हणान सांगता."

"झालं म्हणतोय ना? मग झालं!"

केलं सॉफ्ट. पुढच्याच लग्नसराईत एका सभ्य गृहस्थांनी मुलाच्या लग्नाची रंगीत जाहिरात दिली. पान सेव्ह होताना सर्व्हर अडखळला, प्रोग्रामने 'झालं' म्हणून सांगितलं, बाळाने पान खाली पाठवलं. सकाळी अंक उघडला तर चौकटीच्या खालच्या अर्ध्यात नवरानवरी हसतायत, आणि वरच्या अर्ध्यात आदल्या दिवशीच्या जाहिरातीतला मजकूर तसाच. 'भावपूर्ण श्रद्धांजली'!

मुलाचे वडील आले. आम्हाला वाटलं, मारतील. त्यांनी अंक टेबलावर पसरला आणि हात जोडले. "लगीन म्हणजे काय ता माका तीस वर्सां ठाऊक आसा. पण नवरीक आदीच कित्याक सांगितलास?"

सगळी कचेरी हसली. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

नसीमाने कोणालाही न विचारता सेटिंग पुन्हा हार्ड केलं.

* * *

आता भिवा कुबलचा किस्सा. हा सांगू नये असं दर वेळी ठरवतो.

नारळी पौर्णिमा होऊन दोन-अडीच महिने झाले होते. मालवणचा भिवा आपली छोटी होडी घेऊन एकटाच गेला आणि अचानक वारा सुटला. बाकीच्या होड्या परत आल्या, भिवा आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्ता नाही. आमचा मालवणचा वार्ताहर भिवाच्या घरी गेला आणि त्याच्या बायकोकडून, सुलभाकडून फोटो घेऊन आला. "शोधूक व्हयो, पेपरात घालूक," असं तिला सांगून. घरात एकच फोटो होता, लग्नातला. तिने तो फ्रेममधून काढून दिला.

फोटोच्या पाठीवर कोणाचा आणि किती कॉलम ते लिहायची आमच्याकडे पद्धत होती. आबांनी लाल पेन्सिलीने तसं लिहिलं, खाली झोकदार सही केली आणि फोटो बाळाला दिला. मग मथळा सांगितला, "मालवणच्या मच्छीमाराला जलसमाधी."

मी उठलो. "आबा, काही हाती लागलेलं नाही. बेपत्ता लिहा."

"बेपत्ता उद्या सगळेच लिहितील!"

भांडण झालं. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. मी म्हटलं, "त्याची बायको तिथे वाट बघत बसलीय!" आबा म्हणाले, "भावनेच्या भरात बातमीदारी होत नसते. हे व्रत आहे."

बाळाने फोटो स्कॅन केला, सुलभाला बाजूने कापून काढलं. उरला एकटा भिवा. पण कपाळावर मुंडावळ्या!

आबा पडद्याजवळ वाकले. "निधनाच्या बातमीत हे बरं दिसत नाही. पुसता येतील?"

बाळा पुसायला बसला. एक एक मणी. एक बाजू झाली, दुसरी सुरू करण्याआधी त्याने सेव्ह दाबलं आणि पडदा थिजला. सर्व्हर बसला होता. नसीमा ईदेला घरी गेलेली, फोन लागेना, आणि खालचं मशीन चालू करणं तिच्याशिवाय कोणाला येत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही तीन कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केले, सर्व्हरचा नाद सोडला, सीडीवरच्या जुन्या मजकुरावर आणि हाताशी असलेल्या बातम्यांवर कसाबसा अंक काढला. बाळाचा कॉम्प्युटर मात्र आबांनी बंद करू दिला नाही. "बंद केलास तर बातमी जाईल! उद्या वापरू."

त्यामुळे जलसमाधी अंकात आली नाही. ती पडद्यावर राहिली. मोठा मथळा, खाली भिवा, कपाळाला एकाच बाजूची मुंडावळ.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून वॉचमनची हाक आली. "आबानू, मालवणसून बाई इलीत! कुबल म्हणान सांगतत!"

सुलभा नवऱ्याची चौकशी करायला कलेक्टर कचेरीत आली होती. तिथे "कळवू" असं ऐकून ती सरळ आमच्याकडे आली. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज येत होता आणि जिन्याच्या अगदी समोर बाळाचा पडदा!

"बंद कर ते!" आबा म्हणाले.

"बंद व्हणा नाय!"

"मग मार! मार त्याला!"

बाळाने काळी खिडकी उघडली. किल, नऊ. पुन्हा किल, नऊ. यादीत त्या पानापुढे डी होता आणि डीच राहिला. जलसमाधी तसूभर हलेना. आबांनी खांद्यावरची शाल काढून पडद्यावर टाकली. ती घसरली. पुन्हा टाकली. पुन्हा घसरली आणि खाली पडली. मी पुढे होऊन पडद्यासमोर उभा राहिलो, पण मथळा माझ्यापेक्षा रुंद होता.

सुलभा दारात आली. तिच्या मागोमाग, देवगडच्या एसटीतून नुकतीच उतरलेली, खांद्याला पिशवी अडकवलेली नसीमा. तिने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. चालत गेली आणि पडद्याच्या खालचं बटण दाबलं. काळोख.

"मारूचा नाय," ती बाळाच्या कानाशी म्हणाली, "बटण दाबूचा."

सुलभा किती वेळ दारात होती, तिला काय दिसलं, मला आजही माहीत नाही. ती बसली. चहाला नको म्हणाली. "आजच्या पेपरात फोटो दिसाक नाय, म्हणान इलंय," ती म्हणाली. "कोणी बघितल्यानी तर सांगतले, म्हणान दिल्लंय मी तो."

"हो हो," आबा म्हणाले, "प्रक्रिया चालू आहे."

"लवकर घाला हो. तेचा इंजिन बंद पडला आसतला. खंय तरी थांबान आसतलो कोणाची तरी वाट बघीत."

नसीमाने बाळाकडे बघितलं. बाळाने टेबलाकडे.

आबांना आता तिला लवकर वाटेला लावायचं होतं. स्कॅनरवरचा फोटो त्यांनी स्वतः उचलला, पाकिटात घातला आणि तिच्या हातात दिला. "हा तुमचा फोटो. आमचं काम झालं." तिने पाकीट पिशवीत ठेवलं. जाताना खाली पडलेली शाल उचलली, झटकली, नीट घडी घातली आणि आबांना दिली. बाहेर अंग भाजेल असं ऊन होतं.

"थंडी वाजता काय तुमका?" तिने विचारलं.

* * *

ती गेल्यावर नसीमा खाली उतरली आणि सर्व्हर चालू केला. वर बाळाने पडद्याचं बटण दाबलं. जलसमाधी दिसली, क्षणभर हलली आणि नाहीशी झाली.

"बातमी गेली!" आबा ओरडले. होय, ओरडले! बाई जिन्यावरून उतरून रस्त्याला लागली नसेल, आणि ह्यांना ती बातमी अजून हवी होती!

नसीमा हात पुसत वर आली. "तुमीच मारलास, आबानू. हुकूम पोचूक वेळ लागलो, इतक्याच."

दुपारी मालवणहून वार्ताहराचा फोन. मी उचलला. तो हसत होता की रडत होता कळेना. "भाऊनू, भिवा इलो! इंजिन बंद पडला, भरकटत गेलो. गोव्याच्या ट्रॉलरान ओढून नेल्यान तेका. होडयेन गेलो तो यष्टीन इलो!"

मी ते मोठ्याने सांगितलं. बाळा खुर्चीवर उभा राहून नाचला. आबांनी डोळे मिटले, नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "दुसऱ्या पेपरने काय छापलं होतं?"

दुसऱ्या पेपरने मेला असं छापलं होतं.

* * *

त्या दिवशी आबांनी अग्रलेख लिहिला. मथळा, 'आम्ही थांबलो'. खातरजमा, संयम, एका माउलीच्या कुंकवाची चाड, सगळं त्यात होतं. वाचकांची कौतुकाची पत्रं आली. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर तो अग्रलेख प्रार्थनेनंतर वाचून दाखवावा असं शाळांना सुचवलं.

माझ्या अंगाची आग झाली. मी बसून एका बैठकीत खरी हकीकत लिहिली आणि वर घातलं, 'आम्ही नाही, आमचा सर्व्हर थांबला'. आबांनी ती उभ्या उभ्या वाचली, लाल पेन्सिल काढली आणि आडवी रेघ मारली. आमच्या धंद्यातही बातमी मारतात, आणि त्यालाही किलच म्हणतात.

"हे छापलं तर वाचकांचा विश्वास उडेल," ते म्हणाले.

मी भांडलो. नोकरी सोडतो म्हणालो. सोडली नाही. वर्गणीदार वाढत होते, सगळे खुशीत होते, आणि माझ्याशी भांडायला कोणाला सवड नव्हती.

बाळाने माझा कागद टोपलीतून काढून, सुरकुत्या काढून परत दिला. "ही मेली हां, भाऊनू," तो हळूच म्हणाला. "ही खालच्याची वाट बघीत नव्हती."

* * *

आणि मग मालवणात सत्कार. मच्छीमार मंडळींनी ठेवला. जबाबदार पत्रकारितेबद्दल! हॉल भरलेला, बाहेरही माणसं उभी. स्टेजवर आम्ही सगळे ओळीने. आबा, मी, बाळा, नसीमा. प्रत्येकाच्या खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मी मान खाली घालून नारळाची शेंडी बघत होतो. समोर पहिल्या रांगेत सुलभा बसली होती, हातावर हात ठेवून.

आबा सुंदर बोलले. ते नेहमीच सुंदर बोलतात. "लेखणी हातात असणं सोपं आहे," ते म्हणाले, "ती थांबवणं कठीण! त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि म्हटलं, नाही. थांबू या." टाळ्या थांबेनात. एक म्हातारी डोळ्यांना पदर लावत होती. बाळाने माझ्या दंडाला चिमटा काढला. नसीमा समोर बघत होती.

मग मानपत्र द्यायला खुद्द भिवाला वर बोलावलं. उन्हाने रापलेला, इस्त्रीचा शर्ट, चालणं जरा संकोचलेलं. त्याने मानपत्र आबांच्या हातात दिलं, वाकून नमस्कार केला आणि सूत्रसंचालकाच्या हातातला माइक मागितला. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.

"माका बोलूक येणा नाय," भिवा म्हणाला. "तुमचे उपकार आसत, आबानू. त्या दुसऱ्या पेपरान माका मारल्यान. तुमी मारूक नाय."

टाळ्या.

"एकच इचारूचा होता." त्याने शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून फोटो. लग्नातला. तो त्याने उलटा केला आणि आबांसमोर धरला. "हंय पाठीर लाल पेन्सिलीन तुमी लिवलास. सही तुमची आसा. 'कै. भिवा कुबल, एक कॉलम'." तो थांबला. मग अगदी साधेपणाने, हॉलमध्ये शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं विचारलं, "ह्या 'कै.' म्हणजे काय? हिका इचारलंय, तर ही म्हणता, तेंकाच इचार."

माइक आबांच्या तोंडासमोर आला.

पहिल्या रांगेत सुलभा तशीच बसलेली, हातावर हात. आबा मानपत्र धरून उभे होते. ओठ किंचित उघडलेले, नजर फोटोच्या पाठीवर. सूत्रसंचालक खाकरला. अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवला, हळूच हलवलं. कोणीतरी मागून टाळी वाजवली, तिला दुसरी मिळाली नाही. आबा हलेनात.

बाळा माझ्या मागून नसीमाकडे वाकला. "गो नसीमा, आबांका काय झाला?"

नसीमाने मांडीवरचा नारळ सावरला.

"डी," ती म्हणाली.